सांडपाण्याची चोरी

१

चोरी झाली होती, यात शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता, की वेड चोराला लागलं होतं की वहिनींना.

फ्रीजचं दार धरून त्या उभ्या होत्या आणि थंड वाफ त्यांच्या चष्म्यावर जमत होती. काल संध्याकाळी वरच्या फळीवर दोन बाटल्या होत्या, एक पांढऱ्या बुचाची आणि एक निळ्या बुचाची. पांढरी जागच्या जागी होती. निळीच्या जागी काचेवर नुसतं एक ओलं वर्तुळ उरलं होतं.

"गेली?" मागून भाऊजी ओरडले. "वहिनी, विरजण गेलं? संपलं! दादा मला उभा चिरेल आता."

"विरजण आहे."

"मग गेलं काय?"

"मोरी," वहिनी म्हणाल्या.

भाऊजी फ्रीजमध्ये डोकावले आणि वहिनींकडे बघत राहिले. "मोरी कोण चोरतं?"

वहिनींनाही तेच कळत नव्हतं. त्यांचं विरजण दुधाचं नव्हतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकवता शिकवता, वर्षानुवर्षं निवडून वाढवलेली ती जिवाणूंची एक जात होती. उपाहारगृहांच्या सांडपाण्यात थिजलेलं तेल हे जिवाणू चवीने खात. सांडपाण्याचे जे तुंबलेले नळ उघडायला चार माणसं आणि एक पहार लागे, ते यांच्यामुळे रातोरात मोकळे होत. त्या जोरावर वहिनींच्या यजमानांनी घरी छोटा कारखाना काढला होता, आणि या परक्या शहरात शाखा काढायला दीर-भावजय येऊन राहिले होते. ज्या बाटलीतून पुढच्या सगळ्या बाटल्या लावायच्या, तिच्यावर वहिनींनी चिकटपट्टी लावून स्वच्छ देवनागरीत लिहिलं होतं, 'विरजण'. दुसरीत खालच्या उपाहारगृहाच्या सांडपाण्याच्या कुंडीतलं घाण पाणी होतं, रोजच्या चाचणीसाठी. तिच्यावर लिहिलं होतं, 'मोरी'.

चोराने मोरी नेली होती. कुलूप शाबूत होतं आणि खिडकी आतून बंद होती. टेबलावरचा महागडा सूक्ष्मदर्शक जागचा हललासुद्धा नव्हता.

"पोलिसांत जाऊ या," भाऊजी म्हणाले.

"आणि सांगायचं काय? बाटलीभर सांडपाणी चोरीला गेलंय?"

"तेही खरं. शोधून आणून दिलं तर वर बक्षीसही द्यावं लागेल."

वहिनी हसल्या नाहीत. इथला कायदा असा, की जिवाणूंची जात ज्याच्या नावाने सरकारी जंतुपेढीत आधी जमा होईल, हक्क त्याचा. बाटली उद्या जमा करायची होती. पण त्याआधी, आज दुपारी, ज्याला ते गोडबोल्या म्हणत, त्या स्थानिक सल्लागाराच्या नावे मुखत्यारपत्रावर सही करायची होती. इथे त्यांच्या वतीने बोलणं, अर्ज करणं, तडजोड करणं, सगळं त्या एका माणसाच्या हाती जाणार होतं. चोर त्यांच्या ओळखीतलाच असेल आणि सही त्याच्याच नावे झाली, तर उभ्या आयुष्याचं काम परक्याच्या घरात नांदायला जाणार होतं.

"गोडबोल्यांना फोन करतो," भाऊजी म्हणाले. "तेच सांगतील काय करायचं ते."

"थांबा. आज सही होईपर्यंत कुणालाच काही बोलायचं नाही."

"गोडबोल्यांनासुद्धा?"

वहिनींनी फ्रीजचं दार लावलं. पाच मिनिटं तोंड बंद ठेवणं भाऊजींना किती जड जातं, हे त्यांना माहीत होतं. आणि आज पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं, की या शहरात भाऊजींनी कुणाकुणाला काय काय सांगितलं असेल?

२

काल संध्याकाळी या खोलीत तिसरा माणूस आला होता तो हिशेबनीस. तो आपल्याकडचा, आपली भाषा बोलणारा, पण इथे येऊन त्याला इतकी वर्षं झाली होती की घड्याळ लावून, मिनिटाचे पैसे धरून बोलायची इथली सवय त्याच्या हाडीमांसी मुरली होती. "नमस्कार म्हटलं तरी पावती फाडेल," असं भाऊजी म्हणत. तरीही त्याला नेमलं भाऊजींनीच. परक्या मुलखात आपला माणूस बरा, हे त्यांचं तत्त्व.

आपल्या ऑफिसात तो एका जिन्याच्या टोकाला, दोन फायलींच्या कपाटांमध्ये अंग चोरून बसलेला असे.

"काल सामानाची मोजदाद झाल्यावर तुम्ही सरळ गेलात?" वहिनींनी विचारलं.

"सरळ कसला जाणार, जिना गोल आहे." त्याने चष्मा कपाळावर चढवला. "काय झालंय, वहिनी? तुमचा चेहरा वर्गात चिठ्ठी सापडल्यासारखा दिसतोय."

"फ्रीजमधून एक बाटली गेली."

त्याचा हात थबकला. "विरजणाची?"

"तुम्हाला काय माहीत कुठली विरजणाची?" भाऊजी उसळले.

"अहो, काल तुमच्यासमोरच वहिनींनी पांढरं बूच काढून त्यातून थेंब घेतला ना! मी विचारलं, ही किंमत कुठे दाखवायची? त्या म्हणाल्या, हिला किंमत नाही. मी म्हटलं, मग कर नाही. तुम्ही हसला होतात."

हे खरं होतं. वहिनींना ते जसंच्या तसं आठवत होतं.

"आणि तसंही," हिशेबनीस म्हणाला, "बाटलीवर टपोऱ्या अक्षरात लिहिलंय. वाचता येतं मला. अजून विसरलो नाही."

"विरजण नाही गेलं," वहिनी म्हणाल्या. "मोरी गेली."

तो क्षणभर बघत राहिला आणि खुर्चीतून पडेस्तोवर हसला. "मोरी? मी कशाला मोरी चोरू? माझ्या घरची तुंबलीय, ती न्या हवं तर!" मग हसणं आवरून म्हणाला, "एक विचारू? माझ्यावर संशय घेण्याचे पैसे लावणार नाही. पण तुमचे ते दुसरे सल्लागार, जे तुमच्याकडून दमडीही घेत नाहीत, त्यांचं घर चालतं कशावर?"

"माणुसकी म्हणून एक चीज असते," भाऊजी म्हणाले.

"असते ना. पण भाडं तिच्यावर भागत नाही."

जिना उतरताना भाऊजी धुसफुसत होते. "मत्सर, दुसरं काय! गोडबोले चांगले आहेत, एवढंच पोटात दुखतं याच्या."

वहिनी मोजून पायरीवर पाय ठेवत होत्या. विरजण कुठलं हे हिशेबनिसाला माहीत होतं. त्याला वाचताही येत होतं. त्याने चोरी केली असती तर योग्य बाटली नेली असती. म्हणजे तो चोर नाही. मग चुकीची बाटली नेणारा माणूस कोण? ज्याला काहीच माहीत नाही तो? पण ज्याला काहीच माहीत नाही, तो सांडपाणी नेईलच कशाला? टेबलावरचा सूक्ष्मदर्शक नाही का नेणार?

रस्त्यावर येऊन त्या उलट्या दिशेला चालू लागल्या.

"अहो, गोडबोल्यांचं ऑफिस इकडे!"

"आपण खडूसकडे जातोय."

"त्या दुसऱ्या वकिलाकडे? त्याने तर आपल्याला हाकलून दिलं होतं!"

"म्हणूनच," वहिनी म्हणाल्या. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

३

या शहरात आल्यावर त्यांनी पहिल्याच आठवड्यात दोन वकील पाहिले होते. एकाने कॉफी दिली, बिस्किटं दिली, घरच्यांची चौकशी केली, सगळं मान डोलवत ऐकलं आणि "पैशाचं नंतर बघू" म्हटलं. त्यांचं नाव भाऊजींनी गोडबोल्या ठेवलं, आणि ते प्रेमाने. दुसऱ्याने पाणीसुद्धा विचारलं नाही. वर भाऊजी रंगात आले असताना मध्येच हात वर करून "पुरे, आता तुम्ही जा" म्हणाला. तो खडूस.

खडूसच्या खोलीत आजही काही बदल नव्हता. भिंतीवर चित्र नव्हतं आणि टेबलावर धूळ नव्हती. त्याने दोघांना ओळखलं, पण बसा म्हटलं नाही.

"मी तुमचं काम घेऊ शकत नाही, हे मागेच सांगितलं होतं."

"सांगितलं नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "जा म्हणाला होतात."

तो किंचित वरमला. "तुमच्याकडे कारण सांगावं लागतं का?"

"आमच्याकडे नुसतं कारणच सांगतात," भाऊजी पुटपुटले.

"बरं, तर कारण. या शहरात नळसफाईचं काम करणारी जी मोठी कंपनी आहे, तिची कागदपत्रं मी पाहतो."

खोलीतली हवा एकदम जड झाली. भाऊजींनी वहिनींचा कोपर धरला. ही कंपनी म्हणजे त्यांची एकमेव खरी प्रतिस्पर्धी. त्यांचं विरजण बाजारात आलं, तर तिच्या पहारी गंजून जाणार होत्या. आणि तिचा वकील इथे, त्यांच्यासमोर, हाताची घडी घालून बसला होता.

"म्हणजे आम्ही आमची सगळी हकीकत थेट शत्रूच्या घरात येऊन सांगितली," भाऊजी म्हणाले.

"सांगू लागला होतात," खडूस म्हणाला.

"काल रात्री आमची एक बाटली चोरीला गेलीय," वहिनींनी सरळ सांगून टाकलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर काही उमटलं असलं, तरी ते वाचता येण्याइतकं मोठं नव्हतं.

"वाईट झालं. पण यावर मी तुमच्याशी बोलू शकत नाही."

"एवढं तरी सांगा. जंतुपेढीत बाटली जमा करायला स्थानिक प्रतिनिधी लागतोच का?"

"मी तुम्हाला सल्ला देऊ शकत नाही. पेढीच्या खिडकीवर विचारा. खिडकी सगळ्यांना एकच उत्तर देते." तो उठला आणि त्याने दार उघडून धरलं.

बाहेर आल्यावर भाऊजी जवळजवळ नाचत होते. "सापडला! तोच! कंपनीचा माणूस! एवढं सरळ आहे, वहिनी. दोन अधिक दोन चार!"

वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. दोन अधिक दोन चार, हे खरं. पण या हिशेबातला दुसरा 'दोन' कुठून आला, हेच त्यांना सापडत नव्हतं. जो चोर आहे, तो आपण कंपनीचे आहोत असं आपणहून सांगेल का? आणि खोलीत शिरला कसा? कुलूप तर शाबूत होतं.

दुसरी किल्ली मालकीणबाईंकडे होती.

४

इमारतीची मालकीण समोरच्याच घरात राहायची. तळमजल्यावरची तिन्ही उपाहारगृहं तिचीच, आणि वरची ती प्रयोगशाळेची खोलीही. त्या वेळी ती खुर्च्यांच्या गाद्यांना नवे अभ्रे चढवत होती आणि तोंडात टाचण्या धरून बोलत होती.

"किल्ली? माझ्याकडे नसते बाई ती. मी विसरभोळी. एकदा स्वतःलाच कोंडून घेतलं होतं. तेव्हापासून सगळ्या खोल्यांच्या दुसऱ्या किल्ल्या माझ्या वकिलांकडे असतात."

"तुमचे वकील कोण?"

तिने टाचण्या काढून हातात घेतल्या आणि नवलाने पाहिलं. "कोण म्हणजे? तुमचेच ते!"

"आमचे?"

"आपला भाडेकरार त्यांनीच नाही का केला? माझे सगळे करार तेच करतात. माझ्या नवऱ्याच्या वेळेपासून. फार सज्जन माणूस. कॉफी देतात, बिस्किटं देतात."

भाऊजींच्या घशातून एक विचित्र आवाज आला.

"पण ते तर आमच्या बाजूने..." वहिनी म्हणाल्या.

"असं कसं, बाई? त्यांचे पैसे तर मी दिले."

वहिनींना तो दिवस आठवला. एका कागदासाठी दोन वकील कशाला, असं भाऊजी म्हणाले होते. वहिनींनाही पटलं होतं. घरी सोसायटीचा वकीलच दोन्ही बाजूंचे कागद करी आणि कुणाला काही वाटत नसे. इथे भाडेकरूने स्वतःचा वकील घेऊन यायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ज्याने सांगायला हवं होतं, तोच बिस्किटांची बशी पुढे करत होता.

"आणखी एक," वहिनींचा आवाज त्यांना स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला. "तुमच्या उपाहारगृहांचे नळ कोण साफ करतं?"

"ती मोठी कंपनी. वकीलसाहेबांनीच लावून दिली ना! कंपनीला गिऱ्हाईक मिळालं, मला सवलत मिळाली. त्यांचा काही वाटा असेल, मला काय करायचंय?" तिने पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या. "सगळ्यांचं भलं करणारा माणूस."

५

कोपऱ्यावरच्या बाकावर दोघं बसले.

"म्हणजे गोडबोल्या," भाऊजी म्हणाले. "पण खडूसही कंपनीचाच. मग दोघं मिळून? की एक? डोकं फुटेल माझं."

"किल्ली गोडबोल्यांकडे होती. पण किल्ली असणं म्हणजे चोरी करणं नाही. खडूसने त्यांच्याकडून किल्ली मागून घेतली असेल. थांबा जरा." वहिनींनी डोळे मिटले. "चोराने निळं बूच का नेलं? त्याला आपली लिपी येत नाही, म्हणून चिठ्ठी वाचून नेली नाही. कुणीतरी सांगितलेल्या खुणेवर नेली. निळं बूच हीच खूण. आता सांगा, विरजण निळ्या बुचाच्या बाटलीत कधी होतं?"

"आपण आलो तेव्हा. मग तुम्ही बदललंत."

"बूच सैल झालं, गळायला लागलं, म्हणून मी विरजण पांढऱ्यात हलवलं आणि निळीत मोरी भरली. म्हणजे चोराने जे ऐकलं, ते बाटली बदलायच्या आधी ऐकलं. पहिल्या आठवड्यात. आणि नंतर तो खोलीत कधी आला नाही. हिशेबनीस यादीतून गेला. मालकीणबाईंना जिवाणू म्हणजे काय तेच माहीत नाही, त्याही गेल्या. उरले हे दोघे वकील. भाऊजी, निळ्या बुचाबद्दल तुम्ही दोघांनाही सांगितलंत?"

"सांगितलं असेल की! मी काय, सगळीकडे सगळंच सांगतो." भाऊजींनी मान खाली घातली. "मला आठवत नाही, वहिनी. खरंच आठवत नाही."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. हा माणूस लहानपणापासून बडबडतो, असं सासूबाई सांगत. पण बडबडतो कसा? लग्नात, बँकेत, विमानतळावर, वहिनींनी ती गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की झोपेत म्हणून दाखवली असती.

"तुमची गोष्ट सांगा," त्या म्हणाल्या.

"आत्ता? कुणाला?"

"मला. मी नवी आहे. तुमचा व्यवसाय काय, विचारलंय."

भाऊजींनी घसा खाकरला. सवय ती सवय. "आमच्या घरी एकदा मोठी मोरी तुंबली. दादा म्हणाला, कामगार बोलावू. वहिनी म्हणाल्या, दोन दिवस थांबा. तिसऱ्या दिवशी पाणी धबाधबा! तिथून सुरुवात. आज आमचा माल इतक्या गावांत जातो. इथे काय, एकच मोठी कंपनी आहे, तिच्याकडे पहारी आणि पंप, त्यांना वाटतं तेच राजे. पण राजाचा जीव जसा पोपटात, तसा आमचा जीव फ्रीजच्या वरच्या फळीवर, निळ्या बुचाच्या..."

ते थांबले.

"कंपनी आधी," वहिनी म्हणाल्या. "निळं बूच नंतर. तुम्ही हा क्रम कधी मोडत नाही. एक वाक्य पुढेमागे होत नाही. खडूसने तुम्हाला कुठे थांबवलं?"

भाऊजींचे डोळे मोठे झाले. "राजे. 'त्यांना वाटतं तेच राजे' म्हटलं आणि त्याने हात वर केला. मी चिडलो होतो, कारण पोपट राहिला होता."

"'सांगू लागला होतात' म्हणाला, ते खरं होतं. कंपनीचं नाव निघताच त्याने आपल्याला थांबवलं. म्हणून त्याला निळं बूच माहीतच नाही. चोरी करायची असती, तर त्याने आपल्याला बसवून घेतलं असतं. पाणी विचारलं असतं."

"कॉफी विचारली असती," भाऊजी सावकाश म्हणाले. "गोडबोल्याने ती गोष्ट दोनदा ऐकली. दुसऱ्यांदा त्याने स्वतःच विचारलं होतं, तो पोपट कुठेसा म्हणालात?"

रस्त्यावरून एक गाडी गेली. सही करायची वेळ झाली होती.

६

गोडबोल्यांच्या ऑफिसात नेहमी खिडक्या बंद असत. आज बोचऱ्या थंडीत त्या सताड उघड्या होत्या. त्यांची कातडी बॅग एरवी पायाशी असे. आज ती मागच्या गच्चीत, तोंड उघडं टाकून, कठड्यावर उलटी टांगली होती. वहिनींनी दारातच श्वास आत घेतला. थिजलेल्या, आंबलेल्या तेलाचा वास. या वासावर त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं.

"या, या! सासूबाईंचे गुडघे कसे आहेत?" गोडबोले उठून पुढे आले. मुखत्यारपत्र टेबलावर तयार होतं, शेजारी पेन, शेजारी बशी.

"बरे आहेत," वहिनी म्हणाल्या आणि बसल्या. "सहीआधी एक सांगायचं होतं. काल आमच्याकडे चोरी झाली."

"अरेरे!" त्यांनी बिस्किट कॉफीत बुडवलं. "काय गेलं?"

"निळ्या बुचाची बाटली."

"अरेरेरे." त्यांच्या आवाजात खरी हळहळ होती. वहिनींना क्षणभर सगळंच पुन्हा खोटं वाटू लागलं. इतका प्रेमळ माणूस! आपल्याकडून कुठे चूक तर होत नाही? "तरीच म्हणतो, आता सही लवकर करणं बरं. मी पुढचं सगळं बघतो."

"तेवढं काही नाही. विरजण दुसरीकडे आहे, सुखरूप. त्या बाटलीत खालच्या कुंडीतलं पाणी होतं. उपाहारगृहाच्या कुंडीत संडासाचा नळही येतो."

बिस्किट हवेत थांबलं.

"काळजी चोराचीच वाटते," वहिनी शांतपणे म्हणाल्या. वर्गात सांगत तसं. "बूच सैल होतं, गळत होतं. ज्याच्या हाताला ते पाणी लागलं असेल, त्याने त्या हाताने काही खाऊ नये. नुसत्या साबणाने भागत नाही. आधी पोट बिघडतं, मग ताप येतो."

बिस्किटाचा भिजलेला तुकडा कपात पडला. गोडबोल्यांनी उरलेला तुकडा बशीत ठेवला. मग बशी दूर सारली. मग आपला उजवा हात, परक्याचा असावा तसा, टेबलाच्या कडेवर पालथा ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं.

बाहेर वाऱ्याने बॅग कठड्यावर आपटत होती.

"बॅगही टाकून द्या," भाऊजी म्हणाले. "कातड्यातून जात नाही तो वास. अनुभवाचं बोलतोय."

गोडबोले हळूच खुर्चीत मागे टेकले. त्यांचा चेहरा अजूनही सज्जनच होता. "मी तुम्हाला एक तरी गोष्ट खोटी सांगितली का? सांगा. मी मालकीणबाईंचा वकील आहे, हे तुम्ही कधी विचारलंत? मी आणखी कुणासाठी काम करतो, हे विचारलंत? तुम्ही आलात, बोलत सुटलात. मी ऐकलं. ऐकणं गुन्हा आहे?"

माणूस चोर होता. पण त्याचा प्रश्न खरा होता, आणि त्याने वहिनी पुन्हा गोंधळल्या. त्यांनी मुखत्यारपत्र उचललं, मधोमध फाडलं आणि तुकडे पर्समध्ये टाकले. इथे ठेवायला नकोत म्हणून.

"किल्ली," त्या म्हणाल्या.

गोडबोल्यांनी डाव्या हाताने खण उघडला आणि किल्ली पुढे सरकवली.

७

जंतुपेढी नदीकाठच्या एका बुटक्या इमारतीत होती. खिडकीमागे कुरळ्या केसांची एक बाई बसली होती. वहिनींच्या पर्समध्ये बर्फाच्या पिशव्यांत गुंडाळलेली पांढऱ्या बुचाची बाटली होती. ती प्रयोगशाळेतून काढून त्या टॅक्सीने आल्या होत्या.

"जमा करायचंय," वहिनी म्हणाल्या. "पण आमच्याकडे स्थानिक प्रतिनिधी नाही. आज होणार होता. झाला नाही."

"प्रतिनिधी कशाला?" बाईने विचारलं.

"त्याच्याशिवाय तुम्ही दारसुद्धा उघडत नाही, असं सांगितलं होतं आम्हाला."

"कुणी सांगितलं? हक्काचा अर्ज कराल तेव्हा प्रतिनिधी लागतो. त्याला वेळ आहे, सावकाश नेमा. जमा कुणीही करावं. ज्याचं आहे त्याने आणावं, तारीख पडते." तिने हातमोजे चढवले. "कोण म्हणाला असं?"

"एक सज्जन गृहस्थ," भाऊजी म्हणाले. "म्हणजे खोटं सांगितलंच होतं की, एक तरी!"

वहिनींना हसू आलं. दिवसभरात पहिल्यांदा. निदान एक आकडा तरी जागी बसला होता.

"काय आहे यात?" बाईने विचारलं.

भाऊजींचं तोंड उघडलं. त्यांनी वहिनींकडे पाहिलं, मग तोंड मिटून ते भिंतीशी जाऊन उभे राहिले.

वहिनींनी जिवाणूंचं कुळ सांगितलं, तापमान सांगितलं, कशावर वाढतात ते सांगितलं. बाई ऐकत होती आणि लिहीत होती. एका ठिकाणी तिने थांबून विचारलं, "या शहरातल्या दुसऱ्या कुणाचं काही इथे जमा आहे का, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. तुमचंही कुणाला सांगणार नाही. चालेल?"

"चालेल."

मग बाईने खिडकीच्या फटीतून हात पुढे केला. वहिनींनी बाटली काढून तिच्या हातात दिली, पण आपला हात त्यांना सोडवेना. बाटलीच्या एका बाजूला बाईची बोटं, दुसऱ्या बाजूला त्यांची. घरी गेल्यावर यजमानांना फोन करायचा होता. उद्यापासून वकील शोधायचा होता, नवी खोली शोधायची होती. आणि समोरची ही बाई कोण, कुणाची, कुठली, यातलं काही म्हणजे काही त्यांना माहीत नव्हतं.

"सोडा," बाई हळूच म्हणाली. "थंड राहायला हवी ना ती?"

हे बरोबर होतं. वहिनींनी सोडली.